कोपराकडे नको, रेषेकडे पाहा

पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा मध्यंतरी दवाखान्यात आला होता. वय बावीसच्या आसपास, अंगाने काटक, तालुक्यापासून सात-आठ किलोमीटरवरच्या वाडीतला. तक्रार एवढीच, की उजवे मनगट आणि कोपर दुखते. गोळाफेकीचा सराव करताना तर दुखतेच, पण आता मोटारसायकलची मूठ पिळतानाही कळ येते. तपासले. हाड शाबूत होते, स्नायूंवर ताण आला होता. शेक सांगितला, गोळी लिहून दिली, दहा दिवस गोळ्याला हात लावू नकोस असे बजावले. उठता उठता तो म्हणाला, ‘‘डॉक्टर, दुखण्याचं काय, ते बरं होईल. पण गोळा आधीपेक्षा कमी जातोय. तीन महिने झाले शिकतोय. शिकायच्या आधी जास्त जायचा.’’

त्याचे हे वाक्य मला त्याच्या दुखण्यापेक्षा महत्त्वाचे वाटले. मी त्याला परत बसवले आणि विचारले, ‘‘गोळा टाकताना तुझ्या मनात काय असतं?’’ त्याने पाढे म्हणावेत तसे घडाघडा सांगितले. कोपर वर, मनगट ताठ, अंगठा खाली, हनुवटी उचललेली, मागचा गुडघा वाकलेला, कंबर फिरवायची, पुढचा पाय रोवायचा, हात झटकायचा, श्वास सोडायचा. मी बोटांवर मोजत होतो. नऊ गोष्टी झाल्या. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा असतो आणि तो मानेपासून सुटून हवेत जायला एक सेकंदही लागत नाही. तेवढ्या वेळात नऊ हुकूम पाळायचे म्हणजे बिचाऱ्याने करावे तरी काय?

मी पुढे विचारले, ‘‘आणि गोळा कुठे पडायला हवा, हे केव्हा मनात येतं?’’

तो गोंधळला. म्हणाला, ‘‘ते नंतर टेपनं मोजतात ना!’’

आजचा लेख त्याच्या या उत्तराविषयी आहे. आपल्या गावोगावच्या मैदानांवर मुलांना कसरत, धावणे, फेकणे, खेळणे शिकवणारी माणसे कमी नाहीत. त्यांची तळमळही खोटी नाही. पण शिकवताना ती मुलाचे लक्ष कुठे वळवतात, याचा विचार फारसा होत नाही. माझे मत स्पष्ट सांगतो. आपण मुलांचे लक्ष त्यांच्याच हातापायांवर खिळवून ठेवतो, आणि त्यामुळे त्यांचा खेळही बिघडतो आणि शरीरही.

आतले लक्ष, बाहेरचे लक्ष

एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगता येते. धावणाऱ्या मुलाला ‘गुडघे वर उचल’ असे सांगता येते, किंवा ‘जमीन मागे ढकल’ असेही सांगता येते. पोहणाऱ्याला ‘हात मागे ओढ’ म्हणता येते, किंवा ‘पाणी मागे लोट’ म्हणता येते. फलंदाजाला ‘डावं कोपर उंच ठेव’ म्हणता येते, किंवा ‘बॅटचा पूर्ण चेहरा चेंडूला दाखव’ असेही. हालचाल जवळपास तीच. फरक इतकाच, की पहिल्या सूचनेत मुलाचे लक्ष स्वतःच्या अवयवाकडे जाते आणि दुसरीत त्या अवयवाने जे घडवून आणायचे आहे त्याकडे. पहिल्याला आपण आतले लक्ष म्हणू, दुसऱ्याला बाहेरचे.

वाचणाऱ्याला वाटेल, यात एवढे काय? शब्दांचाच तर फरक. मलाही आधी तसेच वाटत असे. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या शब्दांच्या फरकावर पुष्कळ प्रयोग झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष शिकवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी ऐकावेत असे आहेत.

प्रयोग काय सांगतात

या संशोधनाची सुरुवात एका जर्मन शास्त्रज्ञ बाईंच्या छंदातून झाली. गॅब्रिएले वुल्फ हे त्यांचे नाव. त्यांना शिडाच्या फळीवर उभे राहून पाण्यावर सरकण्याचा, म्हणजे विंडसर्फिंगचा नाद होता. फळी वळवताना आपल्या पायांकडे लक्ष दिले की तोल जातो आणि फळीच्या कलण्याकडे लक्ष दिले की वळण जमते, असे त्यांच्या ध्यानात आले. गंमत म्हणून सोडून न देता त्यांनी ही गोष्ट प्रयोगशाळेत नेली.

१९९८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बर्फावरच्या घसरगुंडीसारखी हालचाल करायला लावणारे एक यंत्र असते. चाकांच्या फळीवर उभे राहायचे आणि डावीकडे-उजवीकडे झोके घ्यायचे. काही जणांना सांगितले, बाहेरच्या पायाने जोर द्या. काहींना सांगितले, बाहेरच्या बाजूच्या चाकांवर जोर द्या. चाके होती पायांच्या अगदी खाली. म्हणजे लक्ष काही इंचच सरकले. तरी चाकांकडे लक्ष देणाऱ्यांचे झोके अधिक मोठे झाले, आणि नंतर कोणतीही सूचना न देता परीक्षा घेतली तेव्हाही ते पुढेच राहिले. याचा अर्थ त्यांनी नुसते केले नव्हते, ते शिकले होते.

पुढे २००५ साली बास्केटबॉलच्या फ्री थ्रोवर प्रयोग झाला. मनगट कसे वळते याकडे लक्ष द्या, असे सांगून चेंडू टाकायला लावले आणि मग जाळीच्या कड्याकडे लक्ष द्या, असे सांगून. कड्याकडे पाहणाऱ्यांचा नेम अधिक अचूक लागला. पण वैद्यक म्हणून मला त्यातली दुसरी नोंद जास्त मोलाची वाटते. दंडाच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंतील विद्युतहालचाल यंत्राने टिपली होती. लक्ष बाहेर असताना ती कमी होती. म्हणजे काम चांगले झाले आणि स्नायूंना कष्ट कमी पडले. लक्ष मनगटावर असताना हात विनाकारण आवळला जात होता. माझ्याकडे आलेल्या त्या मुलाचे मनगट का दुखत होते, याची एक वाट मला इथे दिसली.

२०१० साली अमेरिकेत जागेवरून लांब उडीची चाचणी झाली. काही विद्यार्थ्यांना सांगितले, गुडघे शक्य तितक्या झटकन सरळ करा. इतरांना सांगितले, सुरुवातीच्या रेषेपासून शक्य तितके लांब जा. दुसऱ्या गटाची उडी सरासरीने सुमारे १० सेंटिमीटर लांब पडली. सराव नाही, खुराक नाही, एक वाक्य बदलले एवढेच. भरतीत आणि शालेय स्पर्धांत मुले बोटभर अंतरासाठी झुरतात, हे आपण पाहतोच.

असे असूनही प्रत्यक्ष मैदानावर काय चालते? त्याच २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मैदानी स्पर्धेतल्या १३ खेळाडूंना विचारले, की तुमचे प्रशिक्षक कशा सूचना देतात. त्यांपैकी ११ जणांनी सांगितले, की त्या शरीराच्या हालचालींविषयीच असतात. संख्या लहान आहे, त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण जिथे सगळ्या सोयी आहेत तिथलेही शिकवणारे हातापायांविषयीच बोलत असतील, तर आपल्या तालुक्याच्या मैदानावरच्या गुरुजींना एकट्याने दोष का द्यावा?

असे का होते?

आपल्या शरीराची पुष्कळशी कामे मेंदू आपल्याला न विचारता करतो. जिना उतरताना कोणता गुडघा किती वाकवायचा, हे आपण ठरवत नाही. विश्वास बसत नसेल तर कठडा धरून दोन पायऱ्या तसे ठरवून उतरून पाहा. लगेच अडखळल्यासारखे होईल. लग्नात सगळ्यांच्या देखत स्टेजपर्यंत चालत जायचे म्हटले की चांगल्या धडधाकट माणसाची चाल अवघडते. पाय तेच असतात, फक्त त्यांच्यावर पहारा बसलेला असतो.

जाणते मन सावकाश चालते, त्याला एका वेळी एखाददुसरी गोष्टच सांभाळता येते. शरीराची सवयीची यंत्रणा मात्र शेकडो स्नायू एकाच वेळी जुळवून घेते. जाणते मन मध्ये पडून एकेका अवयवाला हुकूम देऊ लागले, की ही जुळणी बिघडते. ज्या स्नायूंनी सैल पडायचे तेही आवळले जातात. संशोधक हेच आपल्या भाषेत सांगतात. उद्दिष्ट बाहेर ठेवले, तर तिथवर पोहोचण्याची वाट शरीर स्वतः शोधते.

आणि हे ज्ञान आपल्या घरात नाही असे थोडेच आहे? मुलाला सायकल शिकवताना मागे धावणारा बाप काय ओरडतो? ‘पायाकडे बघू नको, समोर बघ!’ भाकरी थापायला शिकवणारी आई मुलीला तळहाताचा कोन सांगत बसत नाही. ती म्हणते, ‘कड बघ, कडेला जाड राहिली.’ मुलगी कडेकडे पाहते आणि हात आपोआप सुधारतो. रांगोळी घालणारी ठिपक्याकडे पाहते, बोटांकडे नाही.

अर्जुनाची गोष्ट तर आपण सगळेच सांगतो. द्रोणाचार्यांनी शिष्यांना झाडावरच्या पक्ष्यावर बाण रोखायला सांगितले आणि विचारले, काय दिसते? आपण ही गोष्ट एकाग्रतेचा धडा म्हणून सांगतो, पण त्यात शिकवण्याचाही एक धडा आहे. गुरूने विचारले ते, काय दिसते. कोपर कुठे आहे, खांदा कसा आहे, हे त्या घटकेला विचारले नाही. ते सारे आधीच्या सरावात होऊन गेले होते.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर शिवाजी पार्कवरचे घ्या. रमाकांत आचरेकर सर नेटमध्ये सचिन तेंडुलकरच्या यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. जो त्याला बाद करील त्याचे नाणे, कोणीच बाद करू शकला नाही तर ते सचिनचे. अशी १३ नाणी सचिनने मिळवली आणि जपून ठेवली. सरांनी हे काही प्रयोगशाळेचे निबंध वाचून केले नव्हते. सरावाने थकलेल्या मुलाला ‘पाय हलव, डोकं स्थिर ठेव’ असे शंभरदा सांगण्यापेक्षा त्याला राखायला काहीतरी समोर द्यावे, हे त्यांच्या अनुभवाने त्यांना शिकवले होते, असे मला वाटते.

चूक आमचीही

प्रशिक्षकांवर एवढे लिहिल्यावर स्वतःची गोष्ट लपवणे बरे नव्हे. काही वर्षांपूर्वी पक्षाघातातून उठलेल्या एका आजींना चालवण्याचे काम माझ्याकडे होते. मी त्यांचा हात धरून सांगत असे, ‘‘आजी, गुडघा वाकवा. आता टाच टेकवा. कंबर सरळ. खाली वाकू नका.’’ आजी प्रत्येक पावलाला थांबत, पाय काठीसारखा ताठ होई, कपाळावर घाम येई. मी वहीत लिहिले, ‘प्रगती मंद’.

एके दिवशी त्यांच्या घरी गेलो. नातीने पडवीतल्या फरशीवर पांढऱ्या खडूच्या आडव्या रेषा मारल्या होत्या, दारापासून तुळशी वृंदावनापर्यंत. ती म्हणत होती, ‘‘आजी, रेष ओलांडा. आता पुढची.’’ आणि आजी रेषेमागून रेष ओलांडत चालल्या होत्या. पाय फरपटत होता, चाल सुंदर नव्हती, पण त्या थांबत नव्हत्या. तुळशीपाशी पोहोचून त्यांनी पानाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिले. मी खजील झालो. प्रगती मंद होती ती माझ्या शब्दांमुळे.

नंतर वाचनात आले, की हा माझा एकट्याचा दोष नाही. ब्रिटनमध्ये पक्षाघाताच्या रुग्णांना चालायला शिकवणाऱ्या भौतिकोपचारतज्ज्ञांच्या बोलण्याची नोंद केली गेली. २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. तिथेही बहुतेक सूचना रुग्णाच्या अवयवांविषयीच होत्या. कंपवाताच्या अनेक रुग्णांचे पाय चालताना जमिनीला चिकटल्यासारखे होतात, पण जमिनीवर आडव्या रेषा असल्या तर त्यांना पाऊल उचलता येते, हे तर वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तरी आम्ही ‘पाय उचला, पाय उचला’ म्हणत राहतो.

म्हणून हा विषय आरोग्याच्या सदरात लिहिला. तो केवळ पदकांचा विषय नाही. खेळणाऱ्या मुलाच्या कोपराचा, चालायला धडपडणाऱ्या म्हातारीच्या धीराचा आहे. आणि ‘तुला जमतच नाही’ हे रोज ऐकून मैदान कायमचे सोडणाऱ्या मुलामुलींचाही आहे. शरीरावर सतत पहारा ठेवायला शिकलेले मूल आपल्याच शरीराला घाबरू लागते. मग ते खेळत नाही. आणि वयाच्या चाळिशीत वजन, साखर, रक्तदाब घेऊन आमच्याकडे येते.

दुसरी बाजू

त्या मुलाच्या प्रशिक्षकांना मी मुद्दाम भेटायला गेलो. सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. पहाटे पाचला मैदानावर हजर, एक पैसा घेत नाहीत. माझे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, तुमचं खरं असेल. पण नवीन पोरगं गोळा क्रिकेटच्या चेंडूसारखा फेकतं. त्याला कोपर कुठं ठेवायचं ते सांगू नको तर काय करू? खांदा निखळला तर तुमच्याकडेच येणार ना?’’

त्यांचा मुद्दा रास्त आहे. गोळा मानेजवळून ढकलायचा असतो, खांद्यामागून भिरकावायचा नसतो. नियमही तसाच आहे आणि शरीराच्या दृष्टीनेही तेच बरे. चुकीची ढब वेळीच सुधारली पाहिजे. पण ती सुधारताना एकदा करून दाखवावे, हात धरून जागा दाखवावी, सावकाश दोन-चार वेळा करून घ्यावे. आणि प्रत्यक्ष फेकण्याची वेळ आली की अवयवांची यादी बंद करावी. ‘समोरची भिंत ढकलायची आहे’ असे म्हटले की चेंडूसारखे फेकणे आपोआप कमी होते, कारण भिंत कोणी भिरकावत नाही.

दुसरी एक गोष्टही प्रामाणिकपणे सांगायला हवी. या प्रयोगांविषयी जाणकारांत वाद आहे. २०२१ साली ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’ या नियतकालिकात अनेक प्रयोग एकत्र करून घेतलेला आढावा आला, त्यात बाहेरच्या लक्षाची बाजू भक्कम ठरली. पण २०२४ साली त्याच नियतकालिकात दुसरा आढावा आला. त्याचे म्हणणे असे, की अनुकूल निकाल लागलेले प्रयोग छापले जातात आणि बाकीचे कपाटात राहतात, त्यामुळे फायदा आहे त्याहून पुष्कळ मोठा दिसतो. तेव्हा ‘एका वाक्यात विजेता घडवा’ असे कोणी सांगत सुटले, तर विश्वास ठेवू नये. निष्णात खेळाडूंची गोष्टही वेगळी आहे. तोल सांभाळण्यात मुरलेल्या कसरतपटूंवर २००८ साली प्रयोग झाला, त्यात त्यांना बाहेरच्या लक्षाचाही उपयोग झाला नाही. त्यांना त्यांच्या रीतीने करू देणेच बरे होते. मल्लखांबावरच्या मुरलेल्या गड्याला खालून सूचना देऊ नयेत, हे आपले वस्तादही सांगतील.

आणि एका बाबतीत लक्ष आतच हवे. ते म्हणजे दुखणे. गुडघ्यात कळ आली, छातीत दडपले, चक्कर आली, तर ‘रेषेकडे बघ’ म्हणून मुलाला पुढे रेटणे हा गुन्हा आहे. तिथे थांबायचे आणि शरीर काय म्हणते ते ऐकायचे.

मग उरते काय? माझ्या मते बरेच काही उरते. बाहेर लक्ष देऊन शिकवण्याला खर्च नाही, त्यात धोका नाही, उलट गोंधळ कमी होतो. नऊ सूचनांच्या जागी एक सूचना येते. फायदा पुस्तकात दिसतो त्याहून कमी निघाला, तरी मुलाच्या डोक्यावरचे ओझे उतरले, हेही नसे थोडके.

काय करावे?

शिकवणाऱ्यांना माझी विनंती एवढीच. एका वेळी एकच गोष्ट सांगा, आणि ती शक्यतो मुलाच्या शरीराबाहेरची असू द्या. चेंडू, बॅट, रेषा, जमीन, पाणी, जाळीचे कडे, खो-खोचा खांब. उडी मारून खाली येणाऱ्या मुलांना ‘गुडघे वाकवा’ असे ओरडण्यापेक्षा ‘मांजरासारखं उतरा, पायाचा आवाज येऊ देऊ नका’ असे सांगून पाहा. आवाज न करता उतरायचे म्हटले की मूल आपणहून गुडघे दुमडते आणि सांध्यांना बसणारा हिसका कमी होतो. व्हॉलीबॉल, कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या मुलामुलींच्या गुडघ्यांसाठी हे फार गरजेचे आहे.

सूचना दिल्यावर गप्प बसा. हे सर्वांत कठीण. मूल चेंडू टाकत असताना, उडी घेत असताना कडेवरून बोलणे थांबवा. दोन-चार प्रयत्न होऊ द्या, मग बोला. पालकांनी तर सामन्याच्या वेळी तोंडाला कुलूपच लावावे. ‘हात! हात! पाय!’ असे ओरडणाऱ्या बापाकडे पाहून गांगरलेली मुले मी पुष्कळ पाहिली आहेत.

ज्यांना माझे म्हणणे पटत नसेल, त्यांनी रविवारी घरच्या मुलांवर करून पाहावे. मऊ मातीत एक रेघ ओढा, सिमेंटवर नको. मुलांना थोडे पळवून अंग मोकळे करून घ्या. एकदा म्हणा, ‘पायात जोर आणून उडी मार.’ थोड्या विश्रांतीनंतर पुढे एक ओली काडी ठेवा आणि म्हणा, ‘काडीच्या पलीकडे जा.’ असे आळीपाळीने पाच-पाच वेळा करा, कारण एकदोनदा कमीजास्त होणारच. दोन्हींची मोजमापे वहीत मांडा. वही काय सांगते ते पाहा आणि मग माझ्याशी खुशाल भांडा.

तो भरतीचा मुलगा परवा पुन्हा आला होता. कोपर दुखायचे थांबले होते. दहा दिवसांच्या विश्रांतीचा त्यात मोठा वाटा आहे, ते श्रेय मी खडूच्या रेघेला देणार नाही. प्रशिक्षकांनी मैदानावर चुन्याच्या तीन रेषा मारून दिल्या आहेत आणि फेकताना आता एकच शब्द बोलतात, ‘ढकल’. गोळा पूर्वीइतका जायला लागला आहे, कधीकधी वीतभर पुढेही जातो. भरतीत काय होईल ते सांगता येत नाही. जागा थोड्या आणि पोरे हजारो.

मी त्याला तोच प्रश्न पुन्हा विचारला, ‘‘आता गोळा टाकताना मनात काय असतं?’’

तो हसला. म्हणाला, ‘‘तिसरी रेष.’’